मयुरीच्या मुठीतला रोट

एरंडोलच्या एका गल्लीत भिकुबाई राहते. सोबत तिची सहा वर्षांची नात, मयुरी. मुलगा आणि सून सुरतेला कामाला. मयुरीचा डावा हात आणि डावा पाय जन्मापासून लुळे. ती बसल्या बसल्या पुढे सरकते. बोलत नाही. हवं ते बोटाने दाखवते आणि नाही मिळालं तर किंचाळते.

गल्लीच्या टोकाला पत्र्याचं चर्च आहे. तिथे रविवारी चार वाजता मुलांचा वर्ग भरतो. तो घेणारी उषा एकदा दारात येऊन म्हणाली, "मयुरीला पाठवाल का, आजी?"

भिकुबाईने बघू म्हणत तिला वाटेला लावलं.

"हाई पोर कोनलेच नको शे," ती शेजारच्या रत्नाला म्हणाली. "मग यासलेच कशी काय चालस? काहीतरी डाव शे."

"मग नका पाठू, अक्का."

पण टाळ्या ऐकू आल्या की मयुरी दाराशी सरकायची आणि किंचाळायची. शेवटी भिकुबाईने तिला कडेवर घेतलं, घरचं पाणी बाटलीत भरलं आणि वर्गाच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसली.

बिस्किटं वाटायला निघाली तशी ती ओरडली, "मन्ही नातले काही खावाले देवानं नही!"

उषाने मान डोलावली. बाकीच्या पोरांनी बिस्किटं खाल्ली. मयुरी त्यांच्या तोंडांकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी बिस्किटं आलीच नाहीत. कुणालाच नाही. दिपमाला नावाची फटकळ पोर कुरकुरली, "आजी आल्या अन् आमचा खाऊ गेला." भिकुबाईला तेही खटकलं. बंद का केली? आता दुसरं काय चाललंय?

तिसरा रविवार कानबाईचा, घरात देवी बसवायच्या श्रावणातल्या सणाचा होता. भाऊबंद जमले. दळणाच्या वेळी माणशी मुठी मोजून गहू घेतले होते. मयुरीचीही मूठ धरली होती. या गव्हाचा रोट, म्हणजे देवीच्या प्रसादाची जाड पोळी, घरच्यांनीच खायचा. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही.

जेवणं झाली. बायका भांडी घासायला बसल्या. भिकुबाईने वळून पाहिलं तर मयुरी नव्हती. तिच्या वाटणीचा रोटही नव्हता.

"रोट बाहेर गया!" दीर मोतीलाल कडाडला. "वैनी, त्या वर्गवाली बाईनी खादा व्हई ना, तर पोरनं जानं आजपासून बंद."

"बंदच," भिकुबाई म्हणाली आणि अनवाणी धावली. धुळीत मयुरी सरकत गेल्याची रेघ थेट पत्र्याच्या चर्चपर्यंत गेली होती.

आत उषा खाली बसली होती. तिच्या पदरात अख्खा रोट होता. मयुरी उजव्या हाताने तो तिच्या तोंडाशी ढकलत होती, चिडून किंचाळत होती. उषा ओठ मिटून हसत होती.

"मघापासून हेच चाललंय, आजी," ती म्हणाली. "माझं माहेर धरणगावकडचं. आमच्या शेजारी कानबाई बसायची. रोट बाहेरच्याने खायचा नसतो, एवढं मला ठाऊक आहे."

भिकुबाईने रोट उलटसुलट करून पाहिला. कुठेही चावा नव्हता. ती भिंतीला टेकली.

"एक सांग बाई. मी एकलीनं नको म्हने, तू बठ्ठा पोरेस्ना खाऊ का बरं बंद कया?"

"त्या दिवशी ती एकटी बघत बसली. ते मला बघवलं नाही."

भिकुबाईने रोट पदरात बांधला, नातीला कडेवर घेतलं. घरी मोतीलालसमोर रोट ठेवला. "अख्खा शे. मोजी ले," म्हणाली. मयुरीने तो संध्याकाळी रुसून खाल्ला.

पुढच्या रविवारी भिकुबाई भाजलेल्या शेंगांचं गाठोडं घेऊन वर्गात आली. सगळ्यांना ओंजळ ओंजळ वाटल्या. उषालाही. मग उंबऱ्यावर जाऊन बसली, नजर आतच ठेवून.

दिपमालाने एक शेंग नाकाला लावली. भिकुबाईकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"आजी, आधी तुम्ही खाऊन दाखवा."