पाळण्याची दुरुस्ती

वरच्या मजल्यावर पुण्याकडचं जोडपं भाड्यानं राहायला आलं आणि माझे पाय घरात ठरेनासे झाले. तशी मी मुळातच तापट आणि उतावळी. एका जागी दहा मिनिटं बसले तर आईला वाटायचं मला ताप आलाय. पण ती चुळबूळ वेगळी होती. कारखान्यातून घरी आले की चहा तसाच ठेवून मी जिन्याखाली उभी राहायची आणि वरून येणारं मराठी ऐकत बसायची. हो, चोरून. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नाही.

मी चाळिशी ओलांडलेली, बेळगोळच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून. लग्न केलं नव्हतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. बन्नीमंटपाच्या अलीकडच्या गल्लीतल्या घरात मी आणि आई अशा दोघीच. आमचे पूर्वज रंगारी. राजवाड्यासाठी कापड रंगवायला इकडे कन्नड मुलखात बोलावून घेतले म्हणे, आणि मग इथलेच झाले म्हणे. आमच्या सगळ्या इतिहासाला हे ‘म्हणे’ चिकटलेलं आहे. आजोबांपर्यंत घरात निळीची मडकी होती, वडील गिरणीत लागले आणि त्या मडक्यांत आईनं कढीपत्ता लावला. महाराष्ट्र आमच्या गल्लीत फारसा कुणी पाहिलेला नव्हता.

पण घरात बोलत होतो मराठी. म्हणजे आम्ही त्याला मराठी म्हणत होतो. दर तीन शब्दांमागे एक कन्नड, वाक्य इकडे सुरू व्हायचं आणि तिकडे संपायचं. ते बाहेरच्या कुणाच्या कानावर कधी पडलंच नाही, कारण आमच्यात एक रीत होती. घरात कन्नड बोलणारा माणूस आला, अगदी मीटर बघायला जरी आला, तरी सगळ्यांनी तोंडातलं वाक्य अर्धं सोडून कन्नडवर यायचं. त्याला वाटायला नको, ही माणसं माझ्याविषयी काही बोलतायत. लहानपणी मी ही रीत मोडली तेव्हा आईनं माझा दंड चिमटीत धरून पिळला होता. त्यामुळे आमचं मराठी आम्हीच बोललो आणि आम्हीच ऐकलं. ते दुसऱ्याला कसं लागतं हे कळायची सोयच नव्हती.

हेब्बाळकडे कॉम्प्युटरची मोठी कंपनी आली आणि गावात दुसरं मराठी ऐकू यायला लागलं. कंपनीच्या बसच्या रांगेत, भाजीच्या मंडईत. मी मान वळवून बघायची. बोलायचं धाडस झालं नाही. मग एक दिवस तेच मराठी आमच्या जिन्यावरून सुटकेस घेऊन वर गेलं.

पहिल्याच दिवशी ती मुलगी किल्ली मागायला दारात आली. आईनं आमच्या बोलीत तिला हाक मारली, “बा पोरी, सुम्ने भाईर कशाला उभी ऱ्हायलीस? स्वल्प सारु-भात खाऊन जा की.” ये, उगाच बाहेर का उभी, थोडा सार-भात खाऊन जा, एवढंच. मुलगी क्षणभर बघत राहिली, मग तिचा चेहरा फुलला. “काकू, किती गोड बोलता हो तुम्ही!”

मुलगी मनानं चांगली होती, हे आधी सांगून टाकते. तिनं आम्हाला कधी खाली पाहायला लावलं नाही. पण त्या ‘गोड’नं माझे कान तापले. बोबडं बोलणाऱ्या पोराला आपण गोड म्हणतो. माझी आई सत्तरीची, उभ्या गल्लीला दम देणारी बाई.

झालं. त्या दिवसापासून मला सुधारणेचं वेड लागलं. रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून मी वर जायची, तिचं बोलणं कानात साठवून खाली यायची आणि आईवर खर्च करायची. आई, ओगरण नाही, फोडणी. आई, ‘करायलीस’ नाही, ‘करतेस’. आधी आई हसली. “सत्तर वरसं ओगरण घालून सारु केलं. आता फोडणी दिल्यावर तुला रुचणार हाय का?” मी हसले नाही. मी पुन्हा म्हटलं, फोडणी.

माझी जीभ लवकर वळली. कारखान्यात पुण्याहून यंत्रं बसवायला आलेल्या इंजिनिअरशी मी दहा मिनिटं बोलले आणि त्यानं विचारलं, “तुम्ही पुण्यात कुठल्या?” त्या दिवशी दिवसभर मी हवेत होते. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “इथलीच म्हणून सांगायचं अल्वा?” मला तिचा राग आला. अल्वा, अल्वा! दर वाक्याला ‘नाही का’चं शेपूट.

हळूहळू आई बोलण्याआधी थांबायला लागली. जिचं तोंड स्वयंपाकघरात, न्हाणीत, देवासमोर सतत चालू असायचं, ती माझ्यासमोर शब्द चाचपायला लागली. मला ती प्रगती वाटली. खरंच वाटली.

त्याच सुमारास वरच्या मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवास बंद केला. तिची आई शाळेत शिक्षिका, ऐन परीक्षांच्या दिवसांत तिला रजा मिळेना. ती बारशालाच येणार होती. तेव्हा सगळं माझ्या आईनं केलं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, तेल लावून बाळाची आंघोळ. मुलगी झाली होती. आई सकाळी वर जायची ती अकराशिवाय खाली यायची नाही. तिथं तिचं तोंड पूर्वीसारखं चालायचं, मला खाली ऐकू यायचं. मी जिना चढायला लागले की आवाज बारीक व्हायचा. मला वाटलं, बाळ झोपलं असेल.

बारशाला पाळणा म्हणण्याचा मान आमच्यात घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचा. तिचा म्हणून झाल्याशिवाय दुसरीनं तोंड उघडायचं नाही. आईनं आमच्या गल्लीत कित्येक पोरांना तो म्हटला होता, मलाही निजवताना. ‘तोट्टिलात कूसु निजे, मल्लिगेची सावली’ अशी त्याची सुरुवात. पाळण्यात बाळ निजलंय, वर मोगऱ्याची सावली आहे. पुढे बाळाची कुंची निळीच्या मडक्यात बुडवतात, ती वाळत घालतात, वाऱ्याला दम देतात. रंगाऱ्याच्या घरातल्या कुणीतरी बाईनं रचलेलं, हे उघडच आहे.

बारशाला पुण्याहून दहा-बाराजण येणार होते. त्या सगळ्यांसमोर आई तोट्टिल आणि कूसु म्हणणार, आणि कुणीतरी पुन्हा म्हणणार, किती गोड! ते चित्र मला स्वस्थ बसू देईना. आदल्या दिवशी दुपारी मी कागद-पेन्सिल घेऊन आईसमोर बसले. “एकेक ओळ सांग, मी नीट करून देते.”

आईनं सांगितलं. मी तोट्टिल खोडलं, पाळणा लिहिलं. कूसु खोडलं, बाळ लिहिलं. मल्लिगे खोडून मोगरा लावला. चार कडव्यांत सतरा-अठरा ठिकाणी तरी खोडाखोड झाली असेल. आई माझ्या पेन्सिलीकडे बघत होती. मधेच म्हणाली, “तुझ्या पणजीच्या सासूनं बांधलेलं हाय गे हे.”

“तिला कुठं मराठी येत होतं!” मी म्हणाले.

हे वाक्य मी बोलले. हसत, कागदावरची नजर न उचलता बोलले. आईनं मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, “लिही तर.” आणि उरलेलं कडवं तिनं सांगून टाकलं. मी कागदाची घडी करून तिच्या हातात दिली, तिनं ती कमरेला खोचली.

बारशाला वरची खोली माणसांनी भरली होती. फुलं बांधलेला पाळणा, घुगऱ्यांचं पातेलं, पैठण्यांची सळसळ. माझी नुसती धावपळ. पाणी आण, सतरंजी सरळ कर, पुन्हा पाणी आण. वरच्या मुलीची आई फार आपुलकीनं म्हणाली, “काकू, तुमच्याकडचा पाळणा म्हणा ना. हिनं फोनवर किती सांगितलंय!”

आईनं कमरेचा कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. “नीने हाडु,” ती म्हणाली. तूच म्हण.

मराठी माणसांनी भरलेल्या खोलीत माझी आई माझ्याशी कन्नड बोलली. आजवर कधीच झालं नव्हतं असं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी कागद उघडला आणि म्हणायला लागले. पहिल्याच ओळीत घोटाळा झाला. ‘कूसु’च्या जागी ‘बाळ’ बसेना, सूर पुढे जायचा आणि शब्द आधीच संपायचा. मी ओढून-ताणून दुसरं कडवं गाठलं. तिसऱ्यात चाल पुरती हातची गेली आणि मी गप्प झाले. मुलीच्या आईनं मला सांभाळून घेतलं. तिनं तिच्या गावाकडचा पाळणा सुरू केला, बायका सुरात सूर मिसळून म्हणायला लागल्या. माझी आई त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवत होती, तालात, चेहऱ्यावर हसू ठेवून.

गर्दी जेवायला खाली उतरली तेव्हा ती मुलगी मला हळूच म्हणाली, “ताई, मला काकूंचाच हवा होता. आंघोळ घालताना त्या रोज म्हणतात. बाळ त्यावरच शांत होतं.” मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

त्या दिवसानंतर आई माझ्याशी कन्नड बोलायला लागली. पहिले दोन-तीन दिवस मला कळलंच नाही, कन्नड काय, सारखं कानावर असतंच. मग एका सकाळी ती म्हणाली, “ऊटा माडकोंडु होगु,” जेवून जा, आणि मी चपला घालता घालता थांबले. आवाजात रुसवा नव्हता. टोमणा नव्हता. डबा रोजच्यासारखा भरलेला होता, लोणच्याची फोडही होती. दाराशी आलेल्या शेजारणीशी बोलावं तशी ती माझ्याशी नीट, प्रेमानं बोलत होती. भांडली असती तर मी भांडले असते. मला भांडता येतं.

मी सगळं करून पाहिलं. मुद्दाम ओगरण म्हटलं, आई हसली आणि कन्नडमध्ये म्हणाली, मोहरी संपलीय. एकदा चिडून डबा आपटला, त्याचं झाकण अजून बसत नाही. वरच्या मुलीशी ती पहिल्यासारखीच बोलायची, नंजनगूडच्या मावशीशी फोनवर तर पूर आल्यासारखी. मी खोलीत आले की “ठेवते गे” म्हणून फोन ठेवायची, आणि माझ्याकडे वळून कन्नडमध्ये विचारायची, कॉफी देऊ? रात्री अंथरुणावर मी कूस बदलत राहायची. कारखान्यात दोनदा चुकीचे सुटे भाग पाठवले आणि बोलणी खाल्ली.

वर्षभरात त्या जोडप्याची बदली झाली. जाताना मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली. तिनं आईचा पाळणा तिच्या छोट्या मोबाइलवर भरून घेतला होता, तोट्टिल आणि कूसुसकट. माझ्याकडे तो नाही.

मग एका रविवारी आई पडवीत पालेभाजी निवडत बसली होती. मी येरझाऱ्या घालणं थांबवलं आणि तिच्यासमोर फतकल मारून बसले. म्हटलं, “आई, माझं चुकलं. मी तुझ्याशी फार वाईट वागले. माझ्याशी पहिल्यासारखी बोल.”

तिनं देठ मोडता मोडता उत्तर दिलं, कन्नडमध्येच. “मला राग नाही गं. तुला वाटतं मी रुसलेय. मी आपलं बोलायला लागले की तुझ्या कपाळाला आठी पडते, तुला ठाऊकसुद्धा नसतं. ती दिसली की शब्द तोंडातच राहतात. कन्नड बोलले की तू माझ्या तोंडाकडे बघत नाहीस, मी काय म्हणते ते ऐकतेस. या वयात मला तेवढंच पुरे.”

मला सांगायचं होतं की आता आठी पडणार नाही, तू बोल, हवं तसं बोल. ते आमच्या बोलीत सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि ओठांवर आलं ते वरच्या मजल्यावरचं मराठी. स्वच्छ, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मी ते गिळलं आणि दुसरं शोधायला लागले. शब्द सगळे आठवत होते, सारु, स्वल्प, अल्वा, कूसु. पण एकेक आठवून, जुळवून बोलावे लागत होते, आणि तसं बोललेलं आईनं लगेच ओळखलं असतं. जे मी कधी शिकले नव्हते, नुसतं बोलत आले होते, ते मला बोलता येईना. आई भाजी सोडून माझ्याकडे बघत वाट पाहत होती.

“सरी, अम्मा,” बरं म्हणत मी कन्नडवर आले. तिला अम्मा मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.