कपाटाची चावी कमरेला

आमच्या घरात कुलपाला माझा हात कधी लागला नाही. धान्याची कोठी, दागिने, बंदुकांचं कपाट, सगळ्याच्या चाव्या बायकोच्या कमरेला. कर्त्या माणसानं चाव्या खुळखुळवत फिरायचं नसतं, हे मी वडिलांकडून शिकलो. शाळा तिसरीत सुटली, पण हे पक्कं शिकलो.

बंदुकाही वडिलांच्याच. एक ठासणीची, दोन काडतुसांच्या. चाकणजवळ आमचं रान होतं तेव्हा डुकरं यायची. आता तिथं कंपन्यांच्या भिंती आहेत, डुकरं कुठं गेली ते डुकरांनाच ठाऊक. मध्ये कायदा बदलला, एका माणसानं दोनच हत्यारं ठेवायची. तिसरी मी स्वतः नेऊन जमा केली आणि पावती फ्रेम करून भिंतीला लावली. कायदा पाळायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणून परवान्याच्या नूतनीकरणासाठी हवालदार घर बघायला आला, तेव्हा मी निर्धास्त होतो. लोखंडी कपाट भिंतीला बोल्टानं आवळलेलं, काडतुसं वेगळ्या पेटीत. त्यानं सगळं लिहून घेतलं.

"झकास, काका. चावी कुणाकडं असते?"

"हिच्याकडं," मी छाती काढून सांगितलं. "लगीन झाल्यापासनं. मी हातबी लावत न्हाई."

त्याचं पेन थांबलं.

"परवाना तुमचा आणि चावी काकूंकडं. म्हणजे बंदुका बिगरपरवान्याच्या माणसाच्या ताब्यात."

"बिगरपरवान्याचं माणूस म्हंजी? बायको हाय माझी."

"ते मला कळतं, काका. पण असंच लिहिलं तर दोन्ही जमा कराव्या लागतील. आठ दिवसांनी येतो. तोवर चावी तुमच्याकडं घ्या."

दोन्ही जमा म्हणजे वडिलांचं म्हणून घरात काही उरणार नव्हतं. जमीन तर मीच विकली होती. मी बायकोकडं चावी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा.

"देते की," ती म्हणाली. "पर गेल्या महिन्यात गाडीची चावी कुठं सापडली हुती?"

मी हात तसाच पुढं धरला. दुधाच्या किटलीत सापडली होती.

चावी तिनं जुडग्यातून काढून दिली. आठ दिवस मी ती खिशात सांभाळली. चालताना खिसा चाचपायचो. पारावरचे विचारायचे, "काय राव, पोटात दुखतंय का?"

आठव्या दिवशी हवालदार आला. मी खिशात हात घातला, तर खिसा रिकामा. दुसऱ्या सदऱ्याचा बघितला, गादी उलटली. हवालदार चहा फुंकत बसला. बायको स्वयंपाकघरातून आली, कमरेचा जुडगा काढला आणि कपाट उघडलं.

"सदरा धुवायला टाकला हुता ह्येंनी," ती हवालदाराला म्हणाली. "खिशात घावली. ठेवली जिथल्या तिथं."

हवालदारानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा कागदाकडं.

"काका, रागावू नका. तुमची सत्तरी झाली. आता परवाना वारसाच्या नावानं करून मागता येतो. मुलगा आहे?"

मुलगा ताथवड्याला राहतो. फोन केला तर म्हणाला, "बाबा, फ्लॅटमध्ये बंदूक? सोसायटीवाले राहू देतील का?"

"मग काकूही चालतील," हवालदार म्हणाला.

दोन दिवस मी अर्ज गादीखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी अर्जावर सही केली, कारण बंदुका जाण्यापेक्षा ते बरं. तिनं रीतसर प्रशिक्षण घेतलं. दाखल्याबरोबर निशाण्याचा कागदही घेऊन आली. भोकं सगळी मधोमध. तो फ्रेम करायचं काही मी सुचवलं नाही.

नव्या परवान्यासाठी तोच हवालदार पुन्हा घरी आला.

"चावी कुणाकडं, काकू?"

"माझ्याकडं."

"दुसऱ्या कुणाचा हात लागतो?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "न्हाई," म्हणाली. "त्येंनी कधीच लावला न्हाई."

ते तसंच लिहिलं गेलं. परवाना आला.

यंदा दसऱ्याला तिनं कपाट उघडलं आणि बाजूला उभी राहिली. मी हळदकुंकू वाहिलं, वडिलांच्या बंदुकीवरून फडकं फिरवावं म्हणून हात पुढं केला.

"लांबनंच," ती म्हणाली. "बिगरपरवान्याचं माणूस तुमी."

कायदाच तो. मी लांबूनच नमस्कार केला.