गोड्या मसाल्यातली जायपत्री

२००९ च्या मंदीत दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात दर गुरुवारी एचआरचा फोन यायचा. ज्याच्या टेबलावर वाजला त्याची नोकरी खलास. त्याच सुमारास माझा डावा कान किर्र वाजायला लागला. डॉक्टर कानात डोकावून म्हणाले, टेन्शन आहे. एवढं तर मला न डोकावताही ठाऊक होतं.

शेजारच्या टेबलावरच्या चिनी सहकारिणीने मात्र ते मनावर घेतलं. तिच्या गावी कान वाजला की झाडावर किरकिरणाऱ्या किड्याने टाकलेली कात उकळून देतात म्हणे. काट्याने काटा काढायचा. एका गुरुवारी फोन तिच्याच टेबलावर वाजला. सामानाचं खोकं उचलून निघताना तिने चुरडलेल्या बदामी कातीची पुडी माझ्या हातात ठेवली. मला फार वाईट वाटलं.

मी मुळात भित्रा. पुडी अल कुसैसच्या घरी आणली आणि स्वयंपाकघरात ठेवून दिली. घरी व्हिजिट व्हिसावर आई आलेली. चातुर्मासात कांद्यालाही न शिवणारी.

दोन दिवसांनी पुडी दिसेना, म्हणून आईला विचारलं.

"ती जायपत्री? गोड्या मसाल्यात घातली. वासाला अगदीच बेताची आहे रे इथली."

मी मूग गिळून बसलो. आठवडाभर सगळ्यांनी आमटी भुरकली, आईनेही. आणि कान चक्क गप्प झाला.

मग आईची परत निघायची तयारी सुरू झाली. देवीच्या नैवेद्याला म्हणून ती तोच मसाला डब्यात भरायला लागली, तेव्हा मात्र माझा धीर सुटला. मी सगळं सांगून टाकलं. आईने हातातला डबा खाली ठेवला. मग उठली, आंघोळ केली आणि म्हणाली, "फेकून देते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवारी ऑफिसातून आलो तो कान पुन्हा वाजतच. मी बोललो नाही, पण जेवताना दोनदा "काय?" म्हणालो, तेवढं आईला पुरलं. ती उठली, आतून आमटीची एक वेगळी वाटी आणून माझ्या ताटाशी ठेवली. वास ओळखीचा होता.

"फेकला नाहीस?"

"देवीशी मी बघून घेईन," आई म्हणाली. "उद्या गुरुवार आहे. मुकाट्याने खा."