दोन टोकं, एक तोंड

झोफ्काच्या पाठीनं काय काय वाहिलं नाही ते विचारा. बिअरची पिंपं, गॅसच्या टाक्या, पिठाची पोती, एकदा शिवणयंत्र, आणि एकदा तर पाय मोडलेला ब्रातिस्लावाचा वकील. तो पठ्ठ्या खाली पोचेपर्यंत पाठीवर बसून तिलाच वाट दाखवत होता. "उजवीकडून घ्या बाई, उजवीकडून." उजवीकडे दरी होती.

तात्राच्या डोंगरांत, स्त्राझ शिखराच्या पायथ्याशी, मुक्कामाचं एक डोंगरघर आहे. तिथवर गाडीरस्ता नाही. तिथं जे जे पोचतं ते बिस्त्रिना गावच्या हमालांच्या पाठीवरून, लाकडी क्रोश्न्याला बांधून. क्रोश्ना म्हणजे शिडीसारखी चौकट. ओझं डोक्याच्याही वर जातं, त्यामुळे मागून बघणाऱ्याला माणूस दिसतच नाही, नुसते दोन पाय चाललेले दिसतात. त्या सगळ्या पायांत बाईचे पाय फक्त झोफ्काचे. पहिल्या वर्षी हमाल तिला हसले. दुसऱ्या वर्षी हसायला त्यांच्याकडे दम उरला नाही, कारण ती पुढं होती आणि ते मागं.

हमाल जोडीनं चालतात. कातळ आला की एका दोराला दोघं. एकानं दगडाला पाय रोवून बसायचं, दोर खांद्यावरून घ्यायचा आणि ओरडायचं, "धरलंय!" ते कानावर पडल्याशिवाय दुसऱ्यानं पाऊल उचलायचं नाही. आणि धरलेलं नसताना हा शब्द उच्चारायचा नाही, थट्टेतसुद्धा नाही. गावच्या गुत्त्यात हमालांची बैठक बसते तिथंही हाच शब्द चालतो. जोडीतला एक 'धरलंय' म्हणाला की दोघांचा होकार. दोराला टोकं दोन, पण तोंड एक.

इग्नात्स नावाच्या हमालाला एकदा जोडीदारानं परस्पर दिलेला शब्द फिरवायचा होता. तेव्हा टेबलावर मूठ आपटली ती झोफ्कानंच.

"धरलंय म्हटलं की सुटत नाही, इग्नात्स. आज इथं सुटायला लागलं तर उद्या कड्यावर कोण कुणाच्या भरवशावर लटकेल?"

इग्नात्सनं मुकाट्यानं ग्लास तोंडाला लावला. झोफ्काच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

तिच्या दोराचं दुसरं टोक म्हणजे ब्लाझेय. तिच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला पोर हातांत घेऊन उभा राहिला होता तो. तिचा नवरा गेला तेव्हा शवपेटीचा पुढचा कोपरा त्याच्याच खांद्यावर होता. गावातल्या काही जिभांनी या जोडीबद्दल नको ते बोलून पाहिलं. झोफ्कानं त्यातल्या एकीला ओढ्यावर गाठून असं काही सुनावलं की त्या जिभा पुन्हा वळवळल्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात एक कंपनी आली. डोंगरघरापर्यंत सामानाचा रोपवे बांधायचा, तोही म्हणे हमालांच्या भल्यासाठी. गरिबाचं भलं करायला निघालेला माणूस आधी त्याच्या हातातलं काम काढून घेतो, ही रीत जगात कुठंही जा, सारखीच. पण जंगलखात्याची अट होती की हमालांचा एकमुखी होकार हवा. एका जोडीचा नकारसुद्धा पुरेसा होता. बैठक रविवारी ठरली. झोफ्का निश्चिंत होती. बाकीचे वाकले तर वाकू देत, एक तोंड तरी नाही म्हणणार होतं, आणि ते तिचं नि ब्लाझेयचं.

सप्टेंबर सरता सरता पहिला बर्फ पडला. पहिल्या बर्फात एका जोडीनं स्त्राझच्या माथ्यावर जायचं हा बिस्त्रिनाचा जुना रिवाज. माथ्यावर दगड रचून केलेला पुरुषभर उंचीचा बुरूज आहे, त्याला सगळे 'म्हातारा' म्हणतात. गावच्या ओढ्यातला पांढरा गुळगुळीत गोटा खिशातून न्यायचा आणि म्हाताऱ्याच्या अंगावर ठेवायचा. आणखी एक वर्ष ओझं वाहीन, असा त्याचा अर्थ. ज्यानं क्रोश्ना कायमचा उतरवायचं ठरवलंय तो गोटा नेत नाही.

झोफ्का शुक्रवारी ओझं घेऊन वर आली होती ती डोंगरघरातच राहिली. ब्लाझेय शनिवारी उजाडता गावातून चढून आला. चहात रम ओतून दोघांनी प्याला, खारवलेली चरबी आणि कांदा पावात कोंबून खिशात टाकला आणि निघाले.

घळीत बर्फ घोट्याएवढाच होता, पण लबाड. वरून कापसासारखा मऊ आणि खाली काचेसारखा गोठलेला थर. हातमोजे काढून खोबणी चाचपाव्या लागत होत्या. झोफ्का पुढं चढायची, वर रोवून बसायची आणि ओरडायची, "धरलंय!" मग ब्लाझेय यायचा, धापा टाकत.

"काय रे, जीभ घरी विसरलास का?"

"गुडघा दुखतोय."

"लग्नात नाचताना बरा दुखत नाही तो!"

एरवी त्यानं परतफेड केली असती. आज नुसता बर्फ झटकत राहिला.

माथ्यावर वारा होता. खालचं गाव ढगात बुडालेलं. झोफ्कानं खिशातून गोटा काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडून बाहीनं पुसला आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसवला. ब्लाझेय पलीकडच्या बाजूला गेला, वाकला, उठला आणि त्यानंही एक दगड ठेवला.

"चल, उतरू. ढग येतायत."

ती वळणार होती. पण नजर गेली. त्यानं ठेवलेला दगड करडा होता, टोकदार कोपऱ्यांचा, बुडाला बर्फ चिकटलेला. इथलाच, पायाखालचा.

माणसांशी खोटं बोलायला हा शिकला असेल. पण ओढ्यात वाकून गोटा खिशात घालायला काही त्याचा हात धजला नाही. म्हाताऱ्याशी खोटं बोलायचं त्याच्यानं झालं नाही.

"ब्लाझेय, गोटा कुठंय?"

"पडला वाटेत."

"माझ्याकडं बघून सांग."

त्यानं बघितलं नाही. "उद्याची बैठक व्हायची नाही, झोफ्के. ती काल संध्याकाळीच झाली."

"मी इथं असताना?"

"तू इथं होतीस म्हणून."

वारा दोराला हलवत होता. दोघांच्या कमरेला अजून तोच दोर.

"आपल्या तोंडानं कोण बोललं?"

"मी."

"काय म्हणालास?"

ओठांत पुटपुटावं तसं तो म्हणाला, "धरलंय."

"तुला काय दिलं त्यांनी?"

"रोपवेच्या खालच्या ठाण्यावर यंत्राजवळची खुर्ची. आत शेगडी असेल. माझा गुडघा संपलाय गं."

"मग मला सांगायचंस! तुझं अर्धं ओझं मी घेतलं असतं."

"सांगितलं की. परवा सांगितलं, मघाशीही सांगितलं. तू हसलीस." मग एकदम चिडून म्हणाला, "आणि तुझ्या पाठीवर चढून जगू का मी? त्या वकिलासारखा?"

झोफ्काकडे उत्तर होतं, पण ते हातात होतं, तोंडात नव्हतं, आणि हात तिनं आवरला. म्हाताऱ्यावरचा करडा दगड तिनं उचलून खिशात टाकला.

"आधी तू उतर."

"नेहमी तू आधी उतरतेस."

"आज तू."

ती सुळक्याला पाठ लावून बसली, दोर दगडाच्या शिंगासारख्या टोकावरून फिरवला, खांद्यावर घेतला. "धरलंय!"

तो खाली निघाला. गुळगुळीत कातळाच्या मध्यावर आजारी गुडघा वळला आणि पाय गोठलेल्या थरावरून निसटला. दोराला असा हिसका बसला की तिच्या खांद्याची सालटी निघाली. ती दातओठ खाऊन बसून राहिली. खाली तो कोळ्यासारखा लोंबकळत होता, मग त्याला खोबण सापडली, मग उभं राहण्यापुरता टप्पा. त्याच्या धापा वर ऐकू येत होत्या.

मग खालून आवाज आला. "ये! धरलंय!"

आणि त्यानं खरंच धरलं होतं. पाय रोवून, दोर दगडावरून घेऊन, नेहमीसारखं. दोरावर ब्लाझेय कधी खोटं बोलला नव्हता. त्याचाच तिला जास्त संताप आला. साला दोरावरही लुच्चा निघाला असता तर सोपं गेलं असतं.

तिनं कमरेची गाठ सोडली. दोर कातळावरून सुळकन सरकत खाली गेला.

"झोफ्के! वेडी झालीस का? झोफ्के!"

ती बिनदोराची उतरली. तोंड कातळाकडे, बोटं बर्फात खुपसलेली, एकेक पाय आधी ठोकून, मग भार टाकून. खाली तो रडत होता की शिव्या देत होता, ते तिनं ऐकून घेतलं नाही. त्याच्या शेजारून गेली ती थेट गावापर्यंत.

गुत्त्यात सगळे होतेच. तिला बघितल्यावर पत्ते थांबले. तिनं करडा दगड टेबलावर आपटला. हा कसला दगड, असं कुणीच विचारलं नाही. कुणी मान वर केली नाही. तेव्हा तिला कळलं की एकटा ब्लाझेय नाही, हे सगळंच्या सगळं टेबल.

"माझा नकार आहे," ती म्हणाली. "दोर मी सोडलाय. आता माझं तोंड माझं."

गाश्पर काका हमालांत सगळ्यात वयस्क. त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोर आज सोडलास, पोरी. बोलणं कालचं आहे. होकार सकाळीच गेला."

"मला न विचारता दिलेला होकार!"

कोपऱ्यातून इग्नात्स बोलला. हळूच, पण इतकी वर्षं जपून ठेवल्यासारखा. "धरलंय म्हटलं की सुटत नाही, झोफ्का. तूच सांगितलेलंस."

मूठ आपटायला तिनं हात उचलला. टेबल तेच, जागा तीच. हात तसाच खाली आला.

ती बाहेर पडली. ब्लाझेय नुकताच लंगडत पोचला होता. दाराशी उभा, दोराचं वेटोळं छातीशी धरलेलं, दोन्ही टोकं लोंबत.

"झोफ्के... दोर राहिला तुझा."

"राहिला नाही, टाकलाय. तुला असू दे. खुर्चीतून पडशील, बांधून घे."

आणि ती घराकडे चालायला लागली. पाठीवर काहीच नव्हतं, तरी सवयीनं पुढं वाकून.