जागा विचारायची नाही

कोल्हापुरात मला जेवू घालणाऱ्या खानावळीच्या मावशींनी माझ्यासाठी भंडारा उचलून शपथ घेतली. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच जमलं.

आम्ही तंजावरकडचे मराठे. पूर्वज फौजेबरोबर गेले ते तिकडेच राहिले. वारणेकाठचं एक गाव आणि तिथली कुलदेवी, एवढंच वडलांपर्यंत पोचलं होतं. मी सातवीतून शाळा सोडून पोटासाठी कोल्हापूर गाठलं, इंजिनच्या कारखान्यात लेथवर लागलो. बहिणीचं लग्न ठरल्यावर घरून एकच धोशा सुरू झाला: आता जवळच आहेस, देवीची ओटी भरल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत. जवळ खरं, पण दिवसभर उभं राहून पाय असे भरून येत की जाण्याचा बेत दर रविवारी अंथरुणातच मोडे.

शेवटी मावशीच म्हणाल्या, "माझं म्हायार त्याच्या शेजारचंच गाव. ओटी मी भरीन. पण आधी तिथल्या कारभाऱ्याला इचारू. तो कोडोलीच्या बाजाराला येतोय." आणि बजावलं, "जागा-जमिनीचं नाव काढू नगंस." सध्या कूळकायद्याची धास्ती आहे. कसणाऱ्याची जमीन व्हायची आहे, पण कागद अजून हातात नाही. अनोळखी माणूस दिसला की जुना मालक उगवला की काय म्हणून गाव दचकतं.

कारभारी बैलबाजाराशेजारच्या देवळाच्या पायरीवर बसले होते.

"पावणं कुठलं म्हनायचं?"

"तंजावरचा. मद्रासकडं."

"आन् बोलतंय मराठी! तेबी बखरीतलं."

लोक हसले. मला वाटलं, माणूस मोकळा आहे. मी बोलून गेलो, "आमचं घर तुमच्याच गावी होतं. जागा कुठली ते पाहीन म्हणतो."

हसणं थांबलं.

"जागा बघायला आलाय व्हय!"

मावशी पुढं झाल्या. "आवो दादा, ह्येला लेथ सोडून काय कळतंय? भनीचं लगीन हाय. ओटी भरणार आन् माघारी येणार."

"आज ओटी, उद्या सातबारा."

मी शपथ घ्यायला देवळातल्या भंडाऱ्याकडं हात नेला. कारभारी म्हणाले, "तुमचा नगं. तुमी उद्या मद्रासला जाल. बाई हितंच ऱ्हानार, तिनं उचलावा."

मावशींनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला. "ह्यानं कवा जमिनीचं नाव काढलं तर देवी मला बघून घील."

"या मग येत्या शुक्रवारी," कारभारी म्हणाले.

परतताना मोटारीत मी माफी मागायला लागलो. "गप बस की," म्हणाल्या आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या. तळव्यावर पिवळं तसंच होतं. मला झोप आली नाही. आमचं घर कुठं होतं, हे आता मी कधीच विचारू शकणार नव्हतो. वडील विचारतील, घराची जागा पाहिलीस का; त्यांना काय सांगायचं, या विचारानं जीव शिणून गेला.

तरी शुक्रवारी जाणार आहे. देवळातून सरळ माघारी यायचं, आजूबाजूला बघायचंही नाही. मावशींना मूलबाळ नाही. कधी त्यांच्यासाठी चार माणसांत कुणी जामीन मागितला, तर मी जिथं असेन तिथून येईन आणि माझा हात पुढं करीन.