गवताचा दिगंबर

दिगंबर नागपूरचा. जन्म ऐन उन्हाळ्यातला आणि ध्यास मात्र बर्फाचा! शीतगृहांचा इंजिनिअर होऊन तो अमेरिकेत आला, शॉमबर्गला घर घेतलं आणि उभा जन्म लोकांचं मटण नि मटार गोठवण्यात घालवला. साठीला टेकलेली माणसं काशीला जातात, नाहीतर फ्लोरिडाला. हा पठ्ठ्या दक्षिण ध्रुवाजवळच्या एका संशोधन केंद्रावर जनरेटर सांभाळायला निघाला.

"अगं, एकच हिवाळा," तो बायकोला, अहिल्येला म्हणाला. "जन्मभर डब्यातली थंडी बनवली. एकदा खरी बघून येऊ दे."

त्याच्या हट्टापुढे तिचं कधी चाललं होतं? तो गेला, आणि तिथला लांबलचक काळोख सुरू होताच हृदय बंद पडून संपला. हिवाळा सरेपर्यंत तिथे विमान उतरत नाही. देह पेटीत, बर्फातच राहणार होता.

"थांबू या," अहिल्या म्हणाली. "हे आले की सगळं करू. मला एकदा ह्यांना बघायचंय."

थांबू देतील ते नातेवाईक कसले! धाकटा दीर गुरुनाथ नागपूरहून रोज फोन करी. "वहिनी, दादाला असं अधांतरी ठेवायचं? त्याला गती नको?" तिथल्या मराठी मंडळातल्या बायका तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून बोलता बोलता गप्प होत. मुलगा नीलही म्हणाला, "आई, प्लीज, जस्ट डू इट."

शेवटी ती दमली. गुरुजींनी दर्भाचा पुतळा केला, त्याला दिगंबरचा सदरा घातला आणि घरामागे बार्बेक्यूच्या शेगडीत अग्नी दिला. अहिल्या धाय मोकलून रडली. दहावं, तेरावं यथासांग पार पडलं.

नोव्हेंबरात दिगंबर आला. दाढी वाढलेली, बाकी चेहरा तस्साच, जेवून जरा आडवा झाल्यासारखा. नीलने गुरुजींना फोन लावला.

"संस्कार एकदा झाला," गुरुजी म्हणाले. "आता नुसतं दहन करा. मंत्र नकोत."

दहनगृहात मायलेक दोघंच होते. गुरुनाथने फोनवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतं. अहिल्येने नवऱ्याच्या गालाला हात लावला आणि वाट पाहिली. इतके महिने ती ह्याच घटकेसाठी तग धरून होती. पण रडूच येईना. होतं नव्हतं ते सगळं तिने गवतावर सांडलं होतं, आणि खऱ्या माणसाच्या वाट्याला टिपूसही उरलं नव्हतं.

"रेडी, मॅम?" तिथल्या माणसाने हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

तो थांबला, घड्याळाकडे बघितलं, आणि मग पेटी आत ढकलली.