फाटकाबाहेरची मुलगी

ज्याला लेखनाचा अधिकार नाही त्याने लिहू नये, असे मला मनापासून वाटते. तरीही हे लिहिते आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. सारी नोकरी कारखान्याच्या हिशेबखात्यात काढलेल्या बाईने पन्नाशीनंतर लेखणी हाती धरावी, हे धाडस माझे नाही. ते उरवडे गावातल्या माझ्या घरमालकीणबाईंचे, काकूंचे. "असं मधीच उठू नगं," हे त्यांचे नेहमीचे वाक्य, आणि ते म्हणताना माझ्या मनगटावर पडणारा त्यांचा जड, खरखरीत हात.

तो हात मला प्रथम कळला तो तापात. लातूरहून बदली होऊन आले, काकूंच्या भाड्याच्या खोल्यांपैकी एक घेतली आणि आठवड्यातच आजारी पडले. काकू पेज घेऊन आल्या. "ठेवून जा, मी नंतर घेईन," असे मी संकोचाने म्हणाले, तर त्या उशाशी बसल्याच. "दोन घास पोटात जाऊ देत, मग जाती. मानसाला वाईट जागी ठिऊन उठू न्हाई."

ही रीत पोथीवरून आलेली. श्रावणात त्यांच्या ओसरीवर पोथी लागे, आणि कथेत कोणी संकटात असेल तर काकू वाचणाऱ्याला तिथे थांबू देत नसत. संकट टळेपर्यंत वाचन पुढे चाले, मग चहा गार होवो.

एका रविवारी मी ओसरीवर कादंबरी वाचत होते. भाचीने दिलेली, खरे तर किशोरवयीनांसाठीची, इंग्रजीतून मराठीत आलेली. वीज, पाणी, माणसे, सारे संपत आलेल्या जगात एक मुलगी ताटातूट झालेल्या भावाला शोधत निघते. काकू लसूण सोलत होत्या.

"मनातल्या मनात काय वाचतीस? मोठ्यानं वाच की. मला बी कळू दे."

मी कधी कोणासमोर मोठ्याने वाचले नव्हते. कचेरीत स्वतःचे नाव सांगतानाही माझा आवाज बसे. पण काकू लसणाकडे पाहत होत्या, माझ्याकडे नाही, म्हणून जमले.

अडचण अशी, की या प्रकारच्या कादंबरीचे प्रत्येक प्रकरण नेमके संकटात संपते. मुलगी विहिरीत पडली, प्रकरण संपले. मी पुस्तक मिटू लागले की मनगटावर हात.

"पोरगी हिरीत हाय आन् तू निघालीस जेवाया?"

तिला वर काढावे, तर काठावर रानटी कुत्री. कुत्र्यांपासून सुटावी, तर पुढे नदीला पूर. आमची दुपारची जेवणे दिवेलागणीला होऊ लागली. ओस पडलेल्या शहराचे वर्णन आले तेव्हा काकू म्हणाल्या, "लवासाच्या अंगाला गेली असंल. तितं बी बांधून ओस पडल्याल्या बंगल्यांच्या अशाच रिकाम्या खिडक्या हायेत." आणि मुलगी डब्यातले शिळे अन्न खाऊ लागली तेव्हा त्यांना आपला घास गोड लागेना.

हिवाळ्यात काकूंना धाप लागू लागली. डॉक्टरांनी हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली. रुग्णालयात जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटच्या पानावर आलो. मुलगी एका वस्तीच्या फाटकाशी पोचते. भाऊ आत आहे. फाटक बंद आहे. बर्फ पडू लागते. कादंबरी संपते.

"फुडं?"

"पुढचा भाग अजून आलेला नाही, काकू."

"म्हंजी? पोरीला भाईर ठिऊन लिवनारा जेवाया गेला व्हय?"

सकाळी काकूंच्या मुलाने गाडी दारात आणली. काकू ओसरीवरून हलेनात.

"पोरगी फाटकाभाईर उभी हाय, आन् मी गाडीत बसू?"

मुलाने खरोखरच फाटकाबाहेर डोकावून पाहिले. "कोन न्हाई गं आई."

त्या माझ्याकडे वळल्या. "तू शिकलेली हायेस ना? मग तू लिव. दार उघड तिला."

मला हसू आले असते, पण त्या मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडत होत्या आणि पुन्हा बांधत होत्या. काकू भ्याल्या होत्या. इतरांच्या उशाशी बसणाऱ्या त्या बाईला त्या दिवशी कोणी आपल्याला वाईट जागी सोडून उठू नये, एवढेच हवे होते.

मी खोलीत गेले आणि कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहिले. फाटक उघडले. भाऊ धावत आला. कोणी चुलीपाशी जागा करून दिली, ताटात गरम भाकरी आली. मुलगा, सून आणि शेजारीण यांच्यासमोर उभी राहून मी ते वाचले. आवाज बसला नाही.

"जेवली?"

"जेवली, काकू."

"मग आता निजू दे तिला." आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

त्या परतल्या नाहीत. त्यांच्या सुनेने मला सांगितले, की शस्त्रक्रियेला नेईपर्यंत त्या शेजारच्या खाटेवरील बाईला फाटक उघडल्याची गोष्ट सांगत होत्या.

आता मी अधूनमधून लिहिते, आणि लिहिलेले मोठ्याने वाचते. आवाज बसू लागला, की मनगटाकडे पाहते.

गेल्या महिन्यात भाचीने कादंबरीचा दुसरा भाग पाठवला. मुखपृष्ठावर तीच मुलगी आहे, अजून बर्फात उभी. पुस्तक तसेच मिटलेले फळीवर ठेवले आहे. वाचकहो, माझ्या जागी तुम्ही असता, तर उघडले असते का?